दंड भरला, विमा उतरवला नाही : एका मालवाहू टेम्पोचे प्रकरण

या प्रकरणातील व्यक्तींची ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव दिलेले नाही आणि काही तपशील बदलले आहेत. गाडी ज्यांच्या नावावर होती त्यांना ‘मूळ मालक’, ती प्रत्यक्ष चालवणाऱ्याला ‘खरेदीदार’ आणि अपघातात सापडलेल्या हमालाला ‘जखमी’ असे म्हटले आहे.

पार्श्वभूमी

हे प्रकरण महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी भाजीपाला आणि किराणा वाहणाऱ्या छोट्या मालवाहू टेम्पोचे आहे. मूळ मालकांनी तो नवा घेतला, चार वर्षे चालवला आणि 2022 च्या सुरुवातीला पासिंग (आरटीओकडची योग्यता तपासणी) करून लगेच विकला. व्यवहार नोटरीसमोर झाला. टीटी फॉर्मवर (मालकी हस्तांतराच्या अर्जांवर) सह्या झाल्या, पैसे हातात पडले, किल्ली दिली गेली. फॉर्म मात्र खरेदीदाराच्या कपाटातच राहिले. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 50 प्रमाणे विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत हस्तांतराची माहिती नोंदणी प्राधिकाऱ्याला द्यायची असते. दोघांपैकी कोणीही ती दिली नाही. अशा व्यवहारांत हे इतके सर्रास घडते की त्यात आपण काही चुकतो आहोत असे दोघांनाही वाटले नव्हते.

पासिंगच्या वेळी चालू विमा दाखवावा लागतो, म्हणून 2022 मध्ये एक वर्षाची पॉलिसी काढलेली होती. पुढचे सगळे इथून सुरू होते. आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू गाडीचे योग्यता प्रमाणपत्र दोन वर्षांसाठी मिळते आणि पॉलिसी एका वर्षाची असते. दोन पासिंगच्या मधल्या वर्षात विमा संपला तर आरटीओ कार्यालयाच्या खिडकीवर तो विचारणारा कोणी नसतो. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नव्या मोटारींना तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकींना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला होणाऱ्या हानीचा विमा) एकदम घेणे बंधनकारक केले, ते नेमके ही फट बुजवण्यासाठी. परंतु मालवाहू वाहने त्यात आली नाहीत.

पॉलिसी 2023 च्या आरंभी संपली. विमा कंपनीचे नूतनीकरणाचे संदेश नोंदवलेल्या मोबाइलवर, म्हणजे मूळ मालकांना, येत राहिले. गाडी विकल्याला वर्ष होऊन गेले होते, त्यामुळे त्यांनी ते वाचून सोडून दिले. खरेदीदाराला विमा कधी संपतो हे ठाऊक होते, पण त्याने पासिंगपर्यंत थांबायचे ठरवले होते.

समस्या

त्याचा हिशेब सरळ होता. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे 7,500 किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू वाहनाचा थर्ड पार्टी हप्ता, कर सोडून, 16,049 रुपये होता. विमा नसताना पकडले गेल्यास कलम 196 प्रमाणे पहिल्या गुन्ह्याला 2,000 आणि पुढच्या गुन्ह्याला 4,000 रुपये दंड आहे. त्याच कलमात तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. पण कलम 200 खाली हा गुन्हा जागेवरच तडजोडीने मिटवता येत असल्यामुळे व्यवहारात कैदेचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. दंडाची रक्कम 2019 च्या दुरुस्तीपूर्वी अवघी 1,000 रुपये होती, म्हणजे ती दुप्पट झाली हे खरे. परंतु दुचाकी, मोटार आणि अवजड ट्रक या सगळ्यांना ती एकच आहे. 75 ते 150 सीसीच्या दुचाकीचा हप्ता 714 रुपये असताना 2,000 रुपयांचा दंड जरब बसवू शकतो. सोळा हजारांच्या हप्त्यापुढे मात्र तोच दंड स्वस्तातला पर्याय ठरतो, आणि वाहन जितके जड, म्हणजे जितके धोक्याचे, तितका हा पर्याय अधिक स्वस्त होत जातो.

मे महिन्यात नाकाबंदीत टेम्पो अडवला गेला. हवालदाराने यंत्रात क्रमांक टाकताच विमा संपल्याची तारीख समोर आली, 2,000 रुपयांचे चलन फाडले गेले, ते खरेदीदाराने तिथेच ऑनलाइन भरले आणि गाडी पुढे गेली. ऑगस्टमध्ये दुसऱ्या पथकाने तीच गाडी पकडली. या वेळी चलन 4,000 रुपयांचे होते. ते त्याने भरले नाही; लोकअदालतीत कमी होईल, असे त्याला कोणीतरी सांगितले होते. चलनाचा संदेश पुन्हा मूळ मालकांच्या मोबाइलवर आला आणि त्यांनी तो व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवला : “तुझं चलन आलंय, बघून घे.” त्या चलनावर गुन्ह्याचा प्रकार स्पष्ट लिहिलेला होता. विनाविमा वाहन स्वतः चालवणारा तर कलम 196 खाली येतोच, पण ते चालवू देणाराही येतो, आणि कागदोपत्री ‘चालवू देणारे’ आपणच आहोत, हे मूळ मालकांच्या लक्षात आले नाही.

नोव्हेंबर 2023 मध्ये सकाळी साडेसहाच्या सुमारास बाजार समितीच्या फाटकापाशी टेम्पो मागे घेताना मागे पोती रचत असलेला हमाल त्याखाली सापडला. त्याच्या मांडीचे हाड मोडले, शस्त्रक्रिया करून रॉड बसवावा लागला. भारतीय दंड संहितेची कलमे 279 आणि 338 आणि मोटार वाहन अधिनियमाची कलमे 184 आणि 196 लावून गुन्हा नोंदवला गेला.

निर्णयाचे क्षण आणि पर्याय

पहिला निर्णय रस्त्यावरच्या पोलिसांचा होता आणि तो अपघाताच्या कितीतरी आधीचा आहे. दोनदा पकडलेली गाडी दोन्ही वेळा सोडून का दिली, असा प्रश्न जखमीच्या नातेवाइकांनी नंतर तावातावाने विचारला. त्याचे उत्तर कायद्यातच आहे. वाहन अडकवून ठेवण्याचा अधिकार देणारे कलम 207 विनापरवाना चालक, नोंदणी नसणे आणि परमिट नसणे किंवा परमिटच्या अटींचा भंग अशा कारणांपुरते आहे. त्यात विम्याच्या कलम 146 चा उल्लेख नाही. या टेम्पोची नोंदणी आणि फिटनेस चालू होते, आणि एकूण वजन 3,000 किलोपेक्षा कमी असल्यामुळे त्याला परमिट लागतच नव्हते. अधिकाऱ्यांना गाडी ठेवून घ्यायला कायद्याचा आधार नव्हता. चलन देणे आणि जाऊ देणे एवढेच त्यांच्या हाती होते. विमा काढल्याचे अमुक दिवसांत दाखव, असे सांगणारी तरतूदही त्या चलनाला जोडलेली नव्हती. दंड भरला की प्रकरण बंद झाले, आणि विमा तसाच राहिला. या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा दोष मला इथे दिसतो. दंडाची अपुरी रक्कम हा त्याच्यानंतरचा दोष.

दुसरा निर्णय तपास अधिकाऱ्याचा. अपघाताच्या दिवशी दुपारी खरेदीदाराने पोलीस ठाण्यात एक चालू पॉलिसी आणून दिली. ती मूळ मालकांच्या नावे होती, गाडीचा क्रमांक बरोबर होता आणि तारीखही त्याच दिवसाची होती. पीयूसी केंद्राशेजारी बसणाऱ्या एजंटाकडून ती सकाळी काढून घेतलेली होती. केवळ थर्ड पार्टी विमा घेताना गाडीची तपासणी होत नाही, त्यामुळे हे सहज जमले. ती पॉलिसी अभिलेखावर घेऊन, गाडी विमा असलेली आहे असे धरून पुढे जाणे अधिकाऱ्याला सोपे होते. कंपनी आणि भरपाईचे दावे ऐकणारे न्यायाधिकरण काय ते पाहून घेतील, असे म्हणता आले असते. दुसरा मार्ग वेळ ताडून पाहण्याचा होता. पॉलिसीवर जोखीम सुरू होण्याची वेळ 11.42 छापलेली होती. रुग्णालयाच्या एमएलसी (पोलीस प्रकरणाच्या वैद्यकीय) नोंदीत जखमीला दाखल केल्याची वेळ 6.55 होती. पॉलिसीवर वेळ नमूद असेल तर जोखीम त्या क्षणापासूनच सुरू होते आणि हप्ता मिळण्याआधी कंपनीवर जबाबदारी येत नाही. अधिकाऱ्याने हा मार्ग धरला.

तिसरा निर्णय जखमीच्या घरच्यांचा होता, आणि तो त्यांना रुग्णालयाच्या व्हरांड्यात, बिलाची चिंता डोक्यावर असताना घ्यावा लागला. खरेदीदाराने 60,000 रुपये रोख देऊ केले. अट अशी की स्टँप पेपरवर ‘आमची काही तक्रार नाही’ असे लिहून द्यायचे. दुसरा पर्याय मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाण्याचा. त्यात पैसे मिळण्याला किती काळ लागेल सांगता येत नव्हते आणि विमा कंपनी नसल्यामुळे ते कोणाकडून वसूल होतील हेही सांगता येत नव्हते. धडक देऊन पळालेल्या, ओळख न पटलेल्या वाहनांसाठी कलम 161 खाली जी भरपाई आहे (गंभीर दुखापतीला 50,000 रुपये) ती इथे लागू नव्हती, कारण वाहन ओळखीचे होते आणि फाटकापाशीच उभे होते. रस्ते अपघातातील जखमींना सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे विनारोकड उपचार देणारी केंद्राची योजना मे 2025 मध्ये आली. त्या वेळी ती नव्हती. विमा नसलेल्या ओळखीच्या गाडीने जखमी झालेला माणूस पळून गेलेल्या गाडीने जखमी झालेल्यापेक्षाही एका अर्थाने उघड्यावर पडतो, हे कुटुंबाला समजावून सांगणे कोणालाही जड गेले असते.

चौथा निर्णय न्यायदंडाधिकाऱ्यांचा. खरेदीदाराने गाडी सुपूर्तनाम्यावर, म्हणजे न्यायालय सांगेल तेव्हा हजर करण्याच्या हमीवर, परत मिळावी म्हणून अर्ज केला. धंदा बंद पडला आहे, गाडी ठाण्याच्या आवारात उन्हापावसात सडते आहे, हे त्याचे म्हणणे खरेच होते. एरवी अशा अर्जावर बंधपत्र घेऊन गाडी सोडली जाते.

केलेली कार्यवाही

जखमीच्या भावाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे धाव घेतली आणि तिथे मिळालेल्या वकिलांनी दोन गोष्टी लगेच केल्या. स्टँप पेपरवर सही करू नये, असे बजावले. आणि भरपाईचा दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल व्हायला हवा, ही मुदत लिहून दिली. खरेदीदाराकडून आलेले पैसे ‘उपचारापोटी मिळाले’ एवढीच पावती देऊन घ्यायला हरकत नाही, असेही त्यांनी सांगितले. त्या पावतीवर 20,000 रुपये मिळाले. बाकीचे 40,000 मागे घेतले गेले.

तपास अधिकाऱ्याने 2022 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिला अपघात अहवाल 48 तासांत न्यायाधिकरणाला पाठवला आणि त्यात ‘अपघातसमयी विमा नाही’ असे स्पष्ट नमूद केले. हा एक शेरा पुढे निर्णायक ठरला, कारण गाडी सोडण्याच्या अर्जाला विरोध करताना वकिलांना त्यावर बोट ठेवता आले. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर 2018 च्या निर्देशांतही आणि या नियमांतही म्हटले आहे की, थर्ड पार्टी विमा नसलेले वाहन अपघातात सापडले असेल तर मालकाने संभाव्य भरपाईला पुरेल असे तारण दिल्याशिवाय न्यायालयाने ते सोडू नये. आणि ताब्यात घेतल्यापासून तीन महिन्यांत तारण आले नाही तर वाहनाचा जाहीर लिलाव करून रक्कम 15 दिवसांत न्यायाधिकरणात जमा करावी. न्यायदंडाधिकाऱ्यांनी साध्या बंधपत्राची विनंती नाकारली आणि तीन लाख रुपयांचे तारण मागितले.

खरेदीदाराकडे ते नव्हते. आता मूळ मालकांना नोटीस गेली, आणि आपण यात का, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. नोटरीचा कागद त्यांनी न्यायालयात दाखवला. सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या नवीन कुमार प्रकरणात सांगितले आहे की, आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव तोच अधिनियमाच्या दृष्टीने मालक, आणि मधल्या मध्ये गाडी कितीही हातांत फिरली तरी जखमीने त्या सगळ्यांमागे धावायचे नसते. मूळ मालक नुकतेच सेवानिवृत्त झालेले होते. लिलाव होऊ दिला तर ठाण्याच्या आवारात पडून राहिलेल्या गाडीला पडेल ती किंमत येणार आणि उरलेली भरपाई तरीही आपल्याच अंगावर येणार, हे त्यांच्या वकिलांनी त्यांना आकड्यांत मांडून दाखवले. दोन आठवडे विचार करून त्यांनी न्यायालयाच्या नावे तीन लाखांची मुदत ठेव केली. गाडी त्यांच्या, म्हणजे नोंदणीकृत मालकाच्या, ताब्यात मिळाली. चालू विम्याशिवाय ती रस्त्यावर आणायची नाही, अशी अट आदेशात होती.

वाहतूक शाखा आणि उपप्रादेशिक परिवहन कार्यालय यांनी दरम्यान स्वतःच्या पातळीवर एक बदल केला. दंडाची रक्कम वाढवणे जिल्ह्याच्या हातात नव्हते आणि गाडी अडकवणे कायद्यात बसत नव्हते. म्हणून विम्यासाठी चलन झालेल्या मालवाहू आणि प्रवासी वाहनांची यादी काढून पंधरा दिवसांनी ‘वाहन’ या सरकारी वाहननोंदणी प्रणालीत त्यांचा विमा पुन्हा तपासायचा आणि तरीही तो नसेल तर वायुवेग पथकाला (परिवहन कार्यालयाच्या भरारी पथकाला) त्या क्रमांकाची गाडी शोधायला सांगायची, असे ठरले. कागदावर ही साधी गोष्ट वाटते. प्रत्यक्षात यादीतल्या बऱ्याच क्रमांकांचे मोबाइल आणि पत्ते जुन्या मालकांचे निघाले, आणि पथकाचे पहिले काही दिवस गाडी आता कोणाकडे आहे हे शोधण्यातच गेले.

निष्पत्ती

न्यायाधिकरणातला दावा लोकअदालतीत 4 लाख 75 हजार रुपयांवर मिटला. तीन लाख मुदत ठेवीतून थेट जमा झाले. उरलेले 1 लाख 75 हजार मूळ मालक आणि खरेदीदार यांनी संयुक्तपणे हप्त्यांनी द्यायचे ठरले. पहिले हप्ते वेळेवर आले, पुढचे रखडले. हप्ते थांबल्यास कलम 174 खाली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली करता येते, अशी नोटीस वकिलांनी पाठवल्यावर रक्कम पूर्ण झाली. जखमी चालू लागला आहे, पण पोती उचलण्याचे काम त्याच्याकडून आता होत नाही. बाजार समितीतल्याच एका गाळ्यावर तो वजनकाट्याशी बसतो.

गाडीला विमा असता तर ही सगळी जबाबदारी कंपनीची होती. थर्ड पार्टी विम्यात मृत्यू किंवा शारीरिक इजेच्या भरपाईला रकमेची मर्यादा नसते. कलम 196 पुरता निकाल मात्र इतका किरकोळ होता की सांगायलाही संकोच वाटतो : न्यायालयात 4,000 रुपये दंड. ऑगस्टचे चलनही त्याच सुमारास लोकअदालतीत सवलतीने मिटले.

म्हणजे शिक्षेने या प्रकरणात काहीच साधले नाही. जे साधले ते गाडी हातात असेपर्यंत ती न सोडण्याने साधले. तीन लाख रुपये जमा झाले ते दंडाच्या भीतीने नव्हे, गाडीचा लिलाव होईल आणि उरलेली जबाबदारी आपल्यावर राहील या भीतीने. ही धार कायद्यात आहे, पण ती अपघात झाल्यानंतरच बाहेर येते.

वेगळे काय करता आले असते

मे महिन्यात काढलेल्या चलनाला विमा काढून दाखवण्याची अट जोडता आली असती तर काय झाले असते, याचा विचार सर्वप्रथम करायला हवा. पॉलिसी दाखवल्यास दंडात सूट आणि ठरावीक दिवसांत न दाखवल्यास वाढीव दंड, अशी रचना असती तर दंडाचा पैसा हप्त्याकडे वळला असता. त्याला राज्य किंवा केंद्राच्या पातळीवर बदल लागतो. कलम 207 मध्ये विम्याचा समावेश करणे हा त्याहून कठोर उपाय आहे. त्याला माझा पाठिंबा आहे, परंतु सरसकट नव्हे. ज्या गाड्यांवर रोजचे पोट आहे त्या पहिल्याच वेळी अडकवल्या तर चालक नाकाबंदी टाळायला आडवाटा धरतील आणि पोलीस ठाण्यांची आवारे भरून जातील. दुसऱ्या गुन्ह्याला, आणि पॉलिसी आणेपर्यंतच, गाडी ठेवून घ्यायची, इतके मर्यादित केले तर ते निभावता येईल.

दंड हप्त्याच्या पटीत असावा, ही सूचना वारंवार होते आणि मालवाहू वाहनांपुरती ती रास्तही आहे. पण पकडले जाण्याची शक्यता कमी असेल तर मोठा दंडही लोक जमेस धरत नाहीत. संसदेच्या वित्तविषयक स्थायी समितीने 2024 च्या अहवालात देशातील निम्म्याहून अधिक वाहने विम्याविना असल्याचे नमूद केले होते. त्या संख्येत नोंदीत राहिलेल्या पण भंगारात गेलेल्या गाड्याही असणार, तरीही नाकाबंदीतले चार हवालदार हे ओझे पेलू शकत नाहीत, हे उघड आहे. बिहार आणि ओडिशा या राज्यांनी टोलनाक्यांवरून जाणाऱ्या वाहनांचे क्रमांक ‘वाहन’ प्रणालीशी ताडून विमा नसलेल्यांना आपोआप ई-चलन देण्याची पद्धत सुरू केली, ती या दृष्टीने योग्य दिशेची आहे. मात्र या प्रकरणातला टेम्पो बाजार समिती आणि आजूबाजूची खेडी सोडून कधी टोलनाक्यापर्यंत गेलाच नसता. ब्रिटनने 2011 मध्ये वेगळी वाट धरली : तिथे गाडी रस्त्यावर दिसण्याची वाट पाहत नाहीत, ‘ही गाडी वापरात नाही’ असे कळवलेले नसेल तर विनाविमा गाडी बाळगणे हाच गुन्हा ठरतो आणि नोंदीवरूनच पत्र जाते. आपल्याकडे कलम 146 सार्वजनिक जागी वाहन वापरण्याला लागू होते, त्यामुळे प्रत्येक वेळी वापर सिद्ध करावा लागतो. शिवाय नोंदीवरून पत्र पाठवण्याची पद्धत आणायची, तर नोंदीतला माणूस खरा हवा.

म्हणून हस्तांतराचा मुद्दा बाजूला टाकता येत नाही. मूळ मालकांनी विक्रीची माहिती 14 दिवसांत कळवली असती आणि खरेदीदाराने नाव लावून घेतले असते, तर नूतनीकरणाचे संदेश आणि चलने योग्य माणसाला गेली असती आणि निवृत्तीचे पैसे न्यायालयात अडकले नसते. विमा कंपनीच्या पहिल्याच संदेशाला ‘गाडी विकली आहे’ एवढे उत्तर त्यांनी दिले असते, तरी कंपनीकडे योग्य क्रमांक पोहोचण्याची शक्यता होती.

तपास अधिकाऱ्याच्या बाबतीत वेगळे करण्यासारखे फारसे काही नाही. एका गोष्टीची नोंद मात्र घ्यायला हवी : 11.42 ही वेळ त्याने पाहिली नसती आणि पॉलिसी तशीच पुढे गेली असती, तर गाडी पहिल्याच आठवड्यात सुटली असती, कंपनीने न्यायाधिकरणात वर्षभराने जबाबदारी नाकारली असती, आणि तोवर तारण मागायला हातात गाडीच उरली नसती. या जिल्ह्याच्या वाहतूक शाखेने नंतर अपघाताच्या तपासासाठी जी छापील तपासणीसूची केली, तिच्यात पॉलिसीच्या तारखेच्या रकान्याशेजारी वेळेचा रकाना आहे.